न पेटवलेला राब

आकारामदादांचा स्ट्रॉबेरीचा मळा,
महाबळेश्वर, जि. सातारा
दि. १८ मार्च २०२५

ती. दीपाताईस,
शि. सा. न. वि. वि. शाळेत एवढंच पाठ झालं होतं, ते वाया जायला नको म्हणून आधी लिहून टाकलं.

पत्र बघून हसू नकोस. फोन धरणात गेला. तापोळ्याच्या लाँचमधून वाकून बुडालेल्या देवळाचा कळस दिसतोय का बघत होतो. कळस नव्हताच, वाळकं खोड होतं, पण फोन मात्र खरोखरचा गेला. टॅक्सीची नोकरीपण सुटली. सुटली म्हणजे मालकानं सोडवली. पुण्याच्या पाहुण्यांना पॉइंट दाखवायला नेत होतो, वाटेत गवा दिसला. गाडी लावून त्याच्या मागं थोडा चाललो, परत येतो तर पाहुणे दुसऱ्या गाडीतनं गेलेले. गवा मात्र लय भारी होता गं, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. असो. आता आकारामदादांकडे स्ट्रॉबेरी भरतो. ते माणूस चांगलं आहे, फक्त मी खातो किती आणि भरतो किती एवढं बघत असतात.

तुझं पाकीट मळ्यावर मिळालं. तू लिहिलेलं मी माझ्या शब्दांत परत लिहितो, म्हणजे मला समजलं का ते तुला समजेल. तसंही तू म्हणतेस की जयाला सांगितलं एक तर तो करून येतो भलतंच. तर, आपल्या पाणवडीच्या वेशीवर कमान उभी राहिली आहे. तिच्यावर आज्जीच्या भावाचं, म्हणजे पासष्टच्या लढाईत गेलेल्या केरबा सपकाळचं नाव घालायचं गावानं ठरवलंय. अक्षय तृतीयेला उद्घाटन. दोरी ओढायला त्याची सख्खी बहीण पाहिजे, आणि आपली राहीबाई आज्जी म्हणते मी येणार नाही. कमिटीवाला आप्पासो तीनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आज्जीनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. आपल्या घरात चहा न विचारणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आणि कारण विचारलं तर एकच बोलते की, जो माझ्या दारात आला न्हाई त्याच्या नावाची कमान गावाच्या दारात कशाला. आबा तर नुसते आपले कान चोळत बसतात.

म्हणून तुझं म्हणणं, मी इथं हिंडतोच आहे तर खाली कोयनेच्या खोऱ्यात जावं, आज्जीचं धरणात गेलेलं गाव, सावरमुरे, शोधावं, आणि कुणी जुनं माणूस असेल तर केरबाबद्दल विचारावं.

हिंडतोच आहे! ताई, हा शब्द टोचला. विश्रामबागेत एसीच्या लॅबमध्ये बसून लोकांच्या रक्ताच्या बाटल्या मोजणाऱ्या माणसानं हे लिहावं? घरातलं जे काम कुणालाच नको ते माझं. लग्नाच्या पत्रिका वाटायला जया, बैल बघून यायला जया, आता बुडालेलं गाव शोधायला पण जया. माणूस जाऊन साठ वर्षं झाली, गाव पाण्यात, आणि मी विचारायचं कुणाला? माशांना?

जातो. पण मनाविरुद्ध जातोय हे ध्यानात ठेव. आज्जीला यातलं काही सांगू नकोस.

आबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, त्याच्या जोडीला एखादा जुना फोन आला तरी चालेल.

तुझा,
जयराज

—

पाणवडी, जि. सांगली
दि. २६ मार्च २०२५

(आज्जी बोलेल तसं लिहिते आहे. मी काही गाळलं तर तिला कळतं म्हणे, वाचता येत नसताना. – दीपा)

चि. जया,
राहीबाईचा आशीर्वाद. पोटाला येळंवर घालतोस का गव्यामागं पळतोस?

माझ्या माघारी तुमी भावंडांनी काय चालवलंय ते कळलंय मला. तुझं पत्र तुझ्या आबांच्या हाती लागलं आन् त्यांनी ते अंगणात बसून मोठ्यानं वाचलं, मला ऐकू जावं म्हनून. आता एवढं केलंच हाय तर माझ्याकडनंच ऐक, म्हंजी गावोगाव इचारत हिंडाय नको.

आमी डोंगरातली मानसं. नाचणी, वरी, वाईच भात. धरणाचं पाणी चढाय लागलं तवा मेढ्यापातुर चालत आलो, तिथनं ट्रकात घातलं. आईनं जातं संगं घेतलं, बानं म्हस घेतली. म्हस वाटंतच मेली. केरबा त्याच्या आधीच फौजेत भरती झाल्याला. आमाला जमीन दिली बोरमाळला, लांब पूर्वंला. सपाट काळं रान, नजर पोचंल तिथवर झाड न्हाई. लोकं आमाला धरणवाली म्हनायची. आई पहिल्याच वर्सात तापानं गेली. तिची माती तिथंच झाली.

बाला डोंगरातलीच शेती येत हुती. आमच्याकडं पेरायच्या आधी राब भाजत्यात. रानाच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या अंथरायच्या, वर माती टाकायची आन् शिमगा झाला की पेटवायचं. जमीन भाजून निघती, मग रोप जोमानं येतं. बानं काळ्या रानात राब लावला. डोंगरात वारं अडतं रं, सपाटीला त्याला कोन अडवनार? शेजारच्या यल्लाप्पाची कडब्याची गंजी पेटली. दुष्काळाचं साल, निम्म्या गावाची जनावरं त्या कडब्यावर. कुनी अंगावर हात टाकला न्हाई, पन दुसऱ्या दिवसापासनं विहिरीत पोहरा सोडू देईनात. आमी गाडी भरली आन् इकडं पाणवडीला आलो, आमच्यातली चार घरं हितं हुती. त्या दिवसापासनं बानं हातात काडी धरली न्हाई. बिडी सोडली. देवाफुडचा दिवासुदिक मीच लावायची.

माझं लगीन आधीच ठरल्यालं, चैत्रात. केरबाला रजा मिळाली हुती, येतो म्हनून त्यानं बोरमाळला कळवल्यालं. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या भनीला नीट नांदीव म्हनून, आन् नवरा त्याला मानाचा पटका देतो. कानपिळीची येळ आली. भटजी थांबला, वाजाप थांबलं, समदी वाटंकडं बघत बसली. केरबा आलाच न्हाई. चुलतभाऊ म्हनला मी पिळतो. मी न्हाई म्हनलं. तुझ्या आबांचा कान तसाच ऱ्हायला.

मागनं त्याची दोन कार्डं आली. मी खुशाल हाय, तुमची खुशाली कळवा, बास. लग्नाचं अवाक्षर न्हाई. बानं उत्तर धाडलं, मी त्यात माझा नमस्कारसुदिक घालू दिला न्हाई. मग भादव्यात तार आली.

फौजेत जाऊन सायब झाला आन् धरणवाल्यांची लाज वाटली त्याला. मी त्याचा फोटू भिंतीला लावला न्हाई, आता कमानीला लावू व्हय?

माया हाय म्हनून एवढं बोलले. परत इचारून ती आटवू नगंस.

तुझी आज्जी,
राहीबाई

ता. क. आबा शेजारीच बसून ऐकत होते. म्हणाले, लिही त्याला, की माझा कान अजून वाट बघतोय. आज्जीनं शेंगांचं सूप उचललं आणि आत निघून गेली. – दीपा

—

सावरमुरे असावं असं ठिकाण
दि. ४ एप्रिल २०२५

ती. दीपाताईस,
नमस्कार. या खेपेला साष्टांग नाही, गुडघा फुटलाय.

बामणोलीला लाँचवाल्याला म्हटलं सावरमुऱ्याला सोडा. तो म्हणाला कुठलं, वरचं का पाण्यातलं? मी म्हटलं पाण्यातलं. तर म्हणाला, मग उतर की इथंच. सगळी लाँच हसली. शेवटी एका काठावर सोडून गेला. तिथनं एक जण म्हणाला उजवीकडं, दुसरा म्हणाला ती उजवीकडची वाट पाण्यात जाते, तिसरा म्हणाला तुम्ही पाहुणे कुणाकडचे, आणि मग त्याच्याकडं जेवायलाच लागलं. वाटेत मध काढणारी दोघं भेटली. मध कसा काढतात ते मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या मागं गेलो त्यात दोन दिवस गेले, डोळा सुजला, आणि मध मिळाला तो पिशवीतच सांडला. हे मी तुला सांगणार नव्हतो, पण पत्राला मुंग्या लागल्या तर तू विचारशीलच.

गाव सापडलं. म्हणजे पाणी उतरलंय तिथं चिखल तडकलाय आणि त्यातनं घरांची जोती वर आलीत. कुठलं सपकाळांचं, कुठलं कुणाचं, काय कळत नाही. एका जोत्यापाशी दगडात कोरलेलं उखळ आहे, त्यात साठलेल्या पाण्यात बारके मासे. आज्जीची आई इथंच कांडत असेल असं धरून मी तिथं बसलो. माणूस एक नाही. हाक मारली तर समोरच्या डोंगरानं तीच परत पाठवली. इतका राग आला ताई, की एक दगड घेऊन पाण्यात भिरकावला, आणि तोल जाऊन गुडघा फोडून घेतला. आकारामदादांनी पण बजावलंय की आता सुट्टी घेतलीस तर परत येऊ नकोस. आणि हातात काय? मासे.

बसल्या बसल्या आज्जीचं वाक्य डोक्यात घोळत होतं, दारात आला न्हाई, दारात आला न्हाई. आणि मला एकदम वाटलं, ताई, त्याला कुठलं दार माहीत होतं?

म्हणजे बघ. त्यानं रजेचं कळवलं ते बोरमाळला. गंजी जळली शिमग्यानंतर, लग्न चैत्रात. मधल्या दिवसांत ही मंडळी गाडी भरून पाणवडीला आली. नवीन पत्ता त्याला कळवलाच असणार, पण पत्र पलटणीत पोचायच्या आत तो रजेवर निघाला असला तर? मग तो जाईल कुठं? बोरमाळलाच की. जळलेल्या गंजीच्या शेजारी. मला गणित कधी जमलं नाही, पण हे जमतंय असं वाटतंय.

तुझ्या स्कूटरला बोरमाळ लांब नाही. यल्लाप्पाच्या घरात कुणी आहे का बघ. आणि हो, तू पण एकदा हिंडून बघ कसं वाटतं ते.

राग आहे, पण तो तुझ्यावर नाही. तेवढं समजून लोभाचं बघ.

जयराज

—

विश्रामबाग, सांगली
दि. १२ एप्रिल २०२५

चि. जयराज यास,
अनेक आशीर्वाद. पत्राला मुंग्या लागल्याच होत्या.

काल रजा काढून बोरमाळला जाऊन आले. ऊन, धूळ, स्कूटर दोनदा बंद. पहिल्या घरी मला विम्याची बाई समजून दार लावलं. दुसऱ्या घरी मी धरणवाल्या सपकाळांची नात म्हटल्यावर म्हाताऱ्यानं इतका वेळ बघितलं, की मला वाटलं आता गंजीची भरपाई मागतो.

यल्लाप्पा जाऊन खूप वर्षं झाली. त्यांची सून बनुबाई आहे. तेव्हा ती नुकती लग्न होऊन त्या घरात आली होती. माहेर सीमेपलीकडच्या कानडी मुलखातलं, अजून बोलताना मध्येच यव्वा म्हणते. मी केरबाचं नाव काढायच्या आत तिनंच विचारलं, फौजीच्या घरची काय गं तू?

जया, तो आला होता. ट्रंक डोक्यावर घेऊन, भर दुपारी. आपल्या रानात गेला तर तिथं कुणी नाही, नुसती राख. मग यल्लाप्पांच्या कट्ट्यावर येऊन बसला. बनुबाईनं ताक दिलं. ती म्हणाली, सासऱ्याला कडब्याचा राग होता, पण तहानेल्या फौजीवर कशाचा राग? त्यांनी त्याला सगळं सांगितलं, आग, विहीर, सगळं. घरची कुठं गेली विचारल्यावर म्हणाले, डोंगरात परत गेली. खोटं नव्हे रे. गावानं गाडी मावळतीकडे जाताना बघितली होती, आणि त्या साली कितीतरी धरणवाले कंटाळून परत डोंगरात जात होते. पाणवडी पण मावळतीलाच आहे, आणि तिथं आपली चार घरं आहेत हे बोरमाळात कुणाला ठाऊक? सगळ्यांना तसंच वाटलं, आणि त्यांनी तसंच सांगितलं.

त्यानं परत परत विचारलं म्हणे, गाडीला बैल कुठले होते, बहीण गाडीत होती का चालत होती. मग आईची माती कुठं झाली ते दाखवायला सांगितलं. बनुबाईचा नवरा घेऊन गेला. तिथं तो बूट काढून उभा राहिला. परत आला तो ट्रंक उचलून मावळतीकडे चालायला लागला. ताक अर्धं राहिलं, हे ती मला दोनदा सांगून गेली.

मी स्कूटरजवळ येऊन नुसती उभी राहिले. इतकी चीड आली! कुणावर म्हणून काढायची? एकानंही वाईट वागायचं ठरवलं नव्हतं. पाणवडी वाटेतच होती जया, वाटेत. तो कदाचित आपल्या वेशीवरून गेला असेल.

आज्जीला अजून सांगितलेलं नाही. बोरमाळपर्यंत आला हे ऐकून ती म्हणेल, मग पुढं का आला नाही? तू खाली पाण्यात बसू नकोस, वर जा. लाँचवाल्यानं विचारलं होतं ना, वरचं का पाण्यातलं? वरचं पण सावरमुरेच असेल की, गाढवा. परत गेलेली माणसं पाण्याच्या वरच राहणार.

अक्षय तृतीया तीस तारखेला आहे. मध दिसला तरी थांबू नकोस.

जुना फोन याच पाकिटातनं पाठवला असता, पण तो तुला गप्प बसवेल. तुझी पत्रं बरी आहेत. माया आहेच.

तुझी,
दीपाताई

—

वरचा मुरा, सावरमुरे
दि. १८ एप्रिल २०२५

ती. स्व. आज्जीस,
शि. सा. न. ताईनं हे तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे, काही न गाळता. ताई, बोरमाळचं तुझं पत्र सोबत परत पाठवतोय, ते आधी वाच, मग हे.

आज्जी, वरती चार घरं आहेत. त्यातल्या एकात आक्काताई म्हणून आहे, तुझ्याच वयाची असेल. मी तिला एवढंच विचारलं, की पूर्वी इथं कुणी फौजी आला होता का. तिनं मला खालपासनं वर बघितलं आणि म्हणाली, व्हय, कान पिळणारा.

देवाशपथ सांगतो, कानपिळीचं मी तिला काहीही बोललो नव्हतो.

ती म्हणाली, केरबा इथं आला तेव्हा चैत्रातलं ऊन होतं. खालचं घर तर पाण्यात गेलेलं, पण तुमच्या बाचं वरच्या उतारावरचं एक ताट, म्हणजे बांध घालून केलेला नाचणीचा पायरीसारखा तुकडा, पाण्याच्या वर शिल्लक होतं. तो त्याच ताटात ट्रंक ठेवून बसला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, माझी माणसं गाडीनं येतायत, बैल चालणार किती, मीच आधी पोचलो. बहिणीचं लग्न आहे, दाजीचा कान पिळायचाय. आणि मग सराव म्हणून जो कुणी जवळ येईल त्याचा कान पिळायचा. आक्काताईच्या मालकाचा तर असा पिळला की सुजला, आणि वर म्हणाला, एवढ्यानं दाजी ऐकंल का, का अजून पाहिजे? आक्काताई हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती. मालक जाऊन पाच-सहा वर्षं झाली तिचे, पण तो कान आठवून हसली.

दिवस जायला लागले तशी त्याची मस्करी कमी झाली. रोज वरच्या खिंडीत जाऊन वाट बघायचा. मग हाताला काम पाहिजे म्हणून त्यानं ताटाचा पडलेला दगडी बांध परत रचला. तो अजून उभा आहे, मी त्याच्यावरच बसून लिहितोय. बांध झाल्यावर त्यानं राब लावला. पाला आणला, शेण आणलं, फांद्या अंथरल्या, वर माती पसरली. लोक म्हणाले, आता पेटव, वारं बरं आहे. तो नाही म्हणाला. म्हणाला, आमच्यात राब बा पेटवतो. त्यानं येऊन बघितलं पाहिजे की पोरगा फौजेत गेला तरी राब रचायला विसरला नाही.

बा येणार नव्हता, आज्जी. बानं तर काडीच सोडली होती.

रजा संपली तेव्हा तो ट्रंक घेऊन खाली उतरला. जाताना आक्काताईच्या मालकाला सांगून गेला, की आमची मंडळी आली तर राब तयार आहे म्हणावं, आणि माझी बहीण आली तर सांगा, पुढच्या रजेला येऊन कान पिळतो, दाजीला म्हणावं सुटला नाहीस. राब तसाच राहिला. दुसऱ्याच्या राबाला काडी कोण लावणार? पावसात कुजून गेला. आक्काताईनं मला विचारलं, मग पुढच्या रजेला तो तिकडंच आला का? म्हणजे तिला माहीतच नव्हतं. साठ वर्षं तिला वाटत होतं की तो कुठंतरी म्हातारा होऊन नातवंडांचे कान पिळत असेल. मला सांगावं लागलं. तिनं चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं, परत पुढं सारलं.

आता माझं ऐक. पलटणीत परत गेल्यावर तुमचं पाणवडीचं पत्र त्याला मिळालंच असेल. मग त्यानं कार्डावर खुलासा का केला नाही? मला वाटतं तो पण रुसला. लग्न माझ्यावाचून उरकलं, म्हणाला असेल. तू नमस्कार घातला नाहीस, त्यानं खुलासा लिहिला नाही. दोघंही वाट बघत बसलात, पहिलं कोण बोलतंय. मी लहान तोंडी बोलतोय, पण चिडूनच बोलतोय. एक ओळ, आज्जी. दोघांपैकी कुणीतरी एक ओळ लिहायची होती.

तुझ्या दारात तो आला नाही हे खरं आहे. तो जे दार त्याला सांगितलं त्या दारात गेला, आणि तिथं तुमचीच वाट बघत बसला. आता कमानीचं काय करायचं ते तू ठरव.

आकारामदादांची नोकरी गेली. मी इथंच आक्काताईकडं आहे, तिची नाचणी दळून देतो, ती बोलत राहते, मी ऐकतो. कुठं जावंसं वाटत नाहीये, हे ताईला सांग, तिला पटणार नाही.

रागावलीस तरी चालेल. गप्प नको बसूस, एवढाच लोभ मागतो.

तुझा,
जया

—

पाणवडी, जि. सांगली
दि. २ मे २०२५

चि. जयराज यास,
लालासाहेबांचे अनेक आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. दीपाला सांगितलं तर ती त्यात आपलं घालते. हात कापतो, तेव्हा अक्षरावर जाऊ नकोस.

तुमची दोन्ही पत्रं दीपानं ओसरीवर बसून वाचली. तुझी आज्जी शेंगा फोडत होती. बोरमाळचं ऐकेपर्यंत तिचे हात चालू होते. कानाच्या सरावाशी आल्यावर ते थांबले. तेवढंच परत वाच म्हणाली. दीपानं परत वाचलं. अजून एकदा वाच म्हणाली. मग जी सुरू झाली ती केरबावरच. येडं, खुळं, एवढं फौजेत ऱ्हायलं आन् वाटंत कुनाला धड इचारता आलं न्हाई व्हय, पाणवडीवरनं गेलास आन् पाणी प्यायला तरी थांबायचं हुतंस, असं दिवे लागेपर्यंत चाललं. मी मध्ये पडलो नाही. जयराज, लग्नापासून मी या बाईबरोबर आहे, पण तिनं त्याचं नाव घेऊन शिव्या दिल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. जिवंत माणसाला देतात तशा शिव्या होत्या त्या.

तुझं ते एक ओळीचं बोलणं मात्र तिला लागलं आहे. मी ते परत काढलं नाही.

अक्षय तृतीयेला सकाळी ती आंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून माझ्या आधी तयार. आप्पासोनं भाषण लांबवलं, ऊन वाढलं, तशी ती उठली आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोरी ओढली. पडदा झेंडूत अडकला. पोरांनी शिडी लावून काढला. नाव दिसलं. तिनं ते दीपाकडून वाचून घेतलं, अक्षरावर बोट ठेवता येईना इतकं उंच, म्हणून नुसता हात वर धरला.

मग ती वळली, गर्दीतनं सरळ माझ्याकडे आली आणि माझा उजवा कान धरला. मी ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, गळ्यात हार. तिच्या बोटांत अजून ऊस सोलायची ताकद आहे. असा पिळला की डोळ्यांत पाणी आलं. गाव हसलं, आप्पासोला टाळ्या वाजवायच्या का नाही ते कळेना. ती म्हणाली, केरबाच्या वतीनं हाय, माझ्या भनीला नीट नांदीव. मी नांदवतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला हसू आलं नाही. कान काल संध्याकाळपर्यंत लाल होता.

घरी आल्यावर तिनं ट्रंकेच्या तळातनं पटका काढला. लग्नात केरबाला द्यायला मी मिरजेहून आणलेला, जरीकाठी. माझी समजूत होती की तिनं तो त्याच साली कुणाला तरी देऊन टाकला. तर तिनं कडुलिंबाचा पाला बदलत तो जपून ठेवलेला, मला कळू न देता. घड्यांवर विरला आहे, पण रंग टिकला आहे. मी म्हटलं कमानीला बांधू. नाही म्हणाली. फोटोला घालू म्हटलं, तेही नाही. फोटो मात्र आता भिंतीवर आला आहे. पटका, ती म्हणते, तो जिथं वाट बघत बसला तिथंच द्यायचा.

म्हणून हे पत्र. आक्काताईंना आमचा नमस्कार सांग आणि विचार, त्या ताटात एवढ्या सालाला आमचा राब चालेल का. चालत असेल तर तू तो रचून ठेव. झाडाला कोयता लावू नकोस, वाळका पाला, शेण, वर माती, त्या सांगतील तसं. काम अर्धवट टाकून जाऊ नकोस, गवा दिसला तरी नाही. आणि रचलास की हात जोडून बाजूला हो. पेटवू नकोस. कुणी कितीही म्हणालं, वारं बरं आहे, पाऊस येईल, तरी पेटवायचा नाही. पेटवायला ती येते आहे. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाली, खांद्यावर घालून न्या. काडीपेटी तिनं आत्ताच पिशवीत टाकली आहे. एक सर्दावली तर म्हणून दुसरी.

एकच कर. बामणोलीला कुठल्या लाँचेत बसायचं, कुठल्या काठावर उतरायचं, वर चढताना कुठं वळायचं, हे सगळं उलट टपालानं नीट लिहून पाठव. स्वतः चालून बघितलेलं, ऐकीव नाही. आणि आम्ही येईपर्यंत तिथून हलू नकोस.

आशीर्वाद पत्रातनं पुरा पाठवत नाही. उरलेला तिथं बांधावर बसून देतो.

तुझा,
आबा